नट जाम झाला की कळतं दुकान कसं आहे: भोर-वेल्ह्यात टायरचं काम सुरू करणाऱ्यांसाठी



टायर-पंक्चरच्या धंद्याचा विषय काढला की प्रश्न ठरलेले असतात. कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा? जागा किती लागते? कर्ज मिळेल का? चाकाचा नट कसा सोडवायचा आणि कसा आवळायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आपल्याला येतंच असं प्रत्येकाला वाटतं. आज फक्त त्या नटावर बोलायचंय. या धंद्यात पंक्चर काढून पैसे मिळतात हे खरं, पण नाव होतं किंवा जातं ते नटावर.

व्हिडिओमध्ये मी पाना कसा धरायचा ते दाखवलंय. इथे त्यामागचं गणित आणि धंद्याची बाजू सविस्तर लिहितोय.

आधी रस्ता समजून घ्या

भोर आणि वेल्हे शेजारी तालुके. वेल्ह्याला शासनानं आता राजगड तालुका असं नाव दिलंय, पण रस्त्यावर बोलताना अजून वेल्हेच चालतं. धंद्याच्या नजरेनं बघितलं तर हे दोन वेगळे बाजार आहेत.

भोरच्या बाजूला पुणे-सातारा महामार्ग आहे. कापूरहोळपासून आत भोरकडे वळलं की पुढे वरंध घाटातून महाडला रस्ता जातो. महामार्गावर गिऱ्हाईक भरपूर, तशी दुकानंही भरपूर. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वाहतुकीला बंद ठेवला जातो, म्हणजे त्या रस्त्यावर बसलेल्याचा धंदा नेमका जून ते सप्टेंबर मंदावतो. वेल्ह्याकडे उलटं आहे. चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळा हाच हंगाम. राजगडासाठी गुंजवण्याला, तोरण्यासाठी वेल्ह्याला, मढे घाटासाठी केळदला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्यात गणपतीला, जत्रेला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांच्या गाड्या वेगळ्या.

या गाड्यांची तऱ्हा बघा. शहरात महिनोन्महिने चाक खोललेलं नसतं. शेवटचं टायर बदललं तेव्हा हवेच्या गननं धडाधड नट मारलेले असतात. मग एखाद्या रविवारी ती गाडी घाटमाथ्यावरच्या धो धो पावसात, लाल चिखलात दिवसभर उभी राहते. संध्याकाळी माणसं गडावरून उतरतात, चाक बसलेलं असतं. स्टेपनी आहे, जॅक आहे, पण नट हलत नाही. मोबाईलला रेंज येते-जाते, सोबत लहान मुलं, अंधार पडायला लागलेला. तुमचा फोन वाजतो तो अशा वेळी. त्या माणसाला पंक्चरवाला नको असतो, सुटका हवी असते.

नट जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कारणं मुख्यतः तीन. पहिलं गंज. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये जागा असते केसभर, ती गंजानं भरली की दोन्ही एकमेकांत अडकतात. अलॉय चाकाचं आणखी एक दुखणं आहे. चाक ॲल्युमिनियमचं, हब लोखंडाचं, मध्ये पाणी. दोन वेगळे धातू ओले राहिले की गंजण्याचा वेग वाढतो. मग सगळे नट निघतात आणि चाक हबला चिकटून बसतं.

दुसरं कारण चुकीचे आटे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १२ मिलिमीटर जाडीचा आणि १.२५ आट्याचा स्टड येतो. ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना जाडी तीच, पण आटा १.५. नट बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. मारुतीच्या स्टडवर दुसऱ्या गाडीचा नट लावला तर तो पहिले एक-दोन फेरे जातो, मग जड होतो. घाईतला माणूस म्हणतो, "बसतोय, बसतोय," आणि गन मारतो. तो नट परत सरळ कधीच निघत नाही. म्हणून दुकानात नटांचा एकच डबा ठेवू नका. आट्याप्रमाणे दोन डबे, दोन रंग. खर्च शून्य.

तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि ते आपल्याच धंद्यातून येतं. नट जास्त आवळणं.

गणित एकदाच करा, आयुष्यभर पुरेल

नट किती आवळायचा हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, न्यूटन मीटर या मापात. लहान कारला साधारण ८५ ते १२० लागतात. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३, फोक्सवॅगन-स्कोडाला १२० (त्यांना नट नसतात, बोल्ट असतात आणि गोटी १७ ची लागते).

हे म्हणजे किती जोर? १०० न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण १० किलो वजन टांगणं. गाडीसोबत येणारा एल पाना समजा २५ सेंटिमीटरचा आहे, तर त्याच्या टोकाला ४० किलोचा जोर लागेल. हातानं, थोडं अंग टाकून, एवढा जोर येतो. आता ७० किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की झाले साधारण १७० न्यूटन मीटर. पान्यात पाईप घालून पाऊण मीटरचा दांडा केला आणि त्यावर तोच माणूस चढला, तर ५०० च्या पुढे. टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनही या आकड्यापर्यंत सहज जातात.

म्हणजे १०० च्या जागी ५००. स्टड ही वस्तू किंचित ताणली जाते आणि त्या ताणामुळेच नट धरून राहतो, रबर बँडसारखं समजा. प्रमाणाबाहेर ताणला की तो परत मूळ लांबीला येत नाही. आटे दबतात, पुढच्या वेळी नट सोडवताना स्टडच तुटतो. आणि ज्याच्या हातात तुटला त्याला गिऱ्हाईक दोष देतं. आवळलं दुसऱ्यानंच, निस्तरायचं तुम्ही.

"दादा, चांगला टाईट मारा हं," असं गिऱ्हाईक स्वतः म्हणतं, तिथे आपली कसोटी असते. त्याच्यासमोर टॉर्क रेंच काढा, आकडा लावा, 'टक्' आवाज ऐकवा आणि सांगा, "काका, कंपनीनं सांगितलंय तेवढंच. याच्यापेक्षा जास्त केलं तर घाटात तुम्हालाच सुटणार नाही." माझं स्पष्ट मत आहे, नवीन दुकानात दुसरी मोठी मशीन येण्याआधी टॉर्क रेंच आला पाहिजे. गन ठेवा, पण नट सोडवायला. आवळताना गननं फक्त टेकवायचा, शेवटचा जोर टॉर्क रेंचनं. काम झालं की रेंचचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, आणि त्यानं नट सोडवायचा कधीच नाही. नाहीतर रेंचचं मापच बिघडतं.

जाम नट सोडवताना

आता तुम्ही गुंजवण्याच्या पायथ्याशी पोचलाय असं समजा. पहिली गोष्ट, जॅक हातात घेऊ नका. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. हवेत चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरू शकते. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढे-मागे दगड लावा. चिखल असेल तर जॅकखाली घालायला जाड फळी सोबतच न्यायची. ओल्या मातीत जॅक रुततो आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली हात-पाय घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

गोटी सहा कोनी वापरा. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यावर धरते, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच झिजलेले असतात. बऱ्याच गाड्यांच्या नटांना वरून चकचकीत पत्र्याची टोपी असते. आत पाणी शिरून गंज धरला की टोपी फुगते आणि २१ ची गोटी बसतच नाही. तिथे ठोकाठोकी करण्यापेक्षा छन्नीनं ती टोपी फाडून काढा, आतल्या नटाला लहान मापाची गोटी बसते. हे कंपनीच्या गाडीतल्या पान्यानं होत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. अलॉय असेल तर आधी विचारा, "साहेब, लॉक नटची चावी आहे का?" बहुतेक वेळा ती डॅशबोर्डच्या खणात किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात टूल किटमध्ये सापडते. मालकाला ठाऊकच नसतं.

तारेच्या ब्रशनं स्टडचं बाहेर आलेलं टोक साफ करा. मग गंज सोडवणारं पातळ तेल नटाच्या मुळाशी आणि आट्यांवर मारा, आणि १५-२० मिनिटं थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड. गिऱ्हाईक बघत असतं, आपल्याला वाटतं काहीतरी करत राहिलं पाहिजे. नका करू. त्या वेळात स्टेपनीची हवा तपासा, ती बहुतेक कमीच असते. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये जाणार नाही एवढी काळजी घ्या, गेलंच तर ब्रेक क्लिनरनं पुसल्याशिवाय गाडी सोडू नका.

मग नटावर गोटी ठेवून गोटीच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार ठोके. धक्क्यानं गंजाची पकड मोडते. अर्धा-पाऊण मीटरचा दांडा लावा, झटका न देता जोर वाढवत न्या. सुटत नसेल तर आधी केसभर आवळायच्या दिशेनं न्या, मग उलटं. हलला की लगेच सगळा काढू नका. अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत आत, पुन्हा तेल, पुन्हा सैल. घाईत काढलेला गंजका नट वाटेत आटे खरवडत येतो.

एक जुनी गंमत. विलीज जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे होते, म्हणजे नट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटायचा. डोंगराळ भागात जुनी जीप अजून एखाद्या अंगणात निघते. अशी गाडी आली की जोर लावण्याआधी आटे कुठल्या दिशेला फिरलेत ते बघा. स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर कोरलेलं दिसलं तरी थांबा. नाहीतर सोडवतोय म्हणून तुम्ही तासभर आवळतच बसाल.

नट गोल झाला असेल तर त्यावर थोडी लहान गोटी ठोकून बसवायची, किंवा आतून पीळ असलेली नट काढायची खास गोटी वापरायची. ती चार-पाच मापांचा संच येतो, घेऊन ठेवा. तेही जमलं नाही तर नट फोडणं. आणि एक काम मात्र कधीच नाही: चाकावर टायर असताना नटाला गॅसची ज्योत लावणं. आतली हवा तापते, रबर आतून जळायला लागून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखं फुटतं. एका नटासाठी जीव घालवायचा नाही. तिथे सरळ सांगा, "हे रस्त्यावर होणार नाही, गाडी टो करून दुकानात आणू." असं सांगण्यात कमीपणा नाही.

नट निघाले पण चाक हबला चिकटलं असेल, तर नट एक-एक फेरा सैल ठेवून (पूर्ण काढून नव्हे) टायरच्या बाजूवर रबरी हातोडा किंवा लाकडी ठोकळ्यानं आळीपाळीनं समोरासमोर ठोके द्या. चाक सुटलं तरी नटांवर अडकून राहतं, अंगावर येत नाही.

हात लावण्याआधी बोला

भांडणं नट तुटल्यामुळे होत नाहीत, आधी न बोलल्यामुळे होतात. मोबाईलवर नटाचा फोटो काढा, गिऱ्हाईकाला दाखवा आणि म्हणा, "दादा, हा नट आधीच गोल झालाय. काढताना स्टड तुटू शकतो. तुटला तर नवीन स्टड-नटचे एवढे आणि मजुरी एवढी. करू का?" 'हो' म्हटल्यावरच पाना लावा. आधीच्या दुकानदाराला नावं ठेवू नका. उद्या त्याच्याकडूनच एखादं गिऱ्हाईक तुमच्याकडे येईल.

स्टड तुटलाच तर? चार नटांच्या गाडीचा एक स्टड गेला म्हणजे चाकाची चौथाई पकड गेली. "हळू जा, काही होत नाही," असं म्हणून रात्री पाबे घाटातून गाडी सोडणं मला मान्य नाही. आपल्या रस्त्यावर ज्या गाड्या जास्त दिसतात त्यांचे चार-सहा स्टड-नट सोबत ठेवा. बऱ्याच गाड्यांना मागच्या ड्रमचा स्टड तासाभरात बदलता येतो. पुढचा कधीकधी हब खोलल्याशिवाय निघत नाही, तिथे गाडी दुकानातच आणावी लागते.

आता दर. इथे नवीन मुलं हमखास मार खातात. पंक्चरचा जो दर, त्यातच दीड तास घाम गाळून नट काढून देतात, कारण "एवढ्याशा नटाचे किती घ्यायचे?" तुम्ही नटाचे पैसे घेत नाही, वेळेचे घेता. समजा भाडं, वीज, कर्जाचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिन्याचा खर्च ३६,००० रुपये आहे. महिन्यात २४ दिवस, दिवसाला ६ तास प्रत्यक्ष काम, म्हणजे १४४ तास. तुमचा एक तास दुकानाला २५० रुपयांना पडतो, नफा अजून धरलेलाच नाही. जाणं-येणं धरून दोन तासांच्या कामाला ५०० तर घरातूनच गेले, वर पेट्रोल, तेल, स्टड. आकडे तुमचे घाला, पण हिशोब करा आणि दर फोनवरच सांगा. अडलेल्याला नाडून दुप्पट मागू नका. गडावर येणारे ग्रुपनं येतात आणि ग्रुपमध्येच दुकानाची बदनामीही करतात.

खरी कमाई मे महिन्यात

जाम नट काढणं हे अडीअडचणीचं काम. नियमित पैसा तो जाम होऊ न देण्यात आहे. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, 'चारही चाकं' असं एक ठरलेलं काम विकायला ठेवा. चाकं काढायची, हबचा दर्शनी भाग आणि स्टड तारेच्या ब्रशनं साफ करायचे, खराब नट बदलायचे, टायर पुढचे मागे करायचे, स्टेपनीत हवा भरायची, टॉर्कनं बसवायचं. अलॉय असेल तर हबच्या ज्या भागावर चाक टेकतं तिथे जाम-विरोधी पेस्टचा अगदी पातळ हात फिरवायचा. वर्षातून दोनदा निघालेलं चाक सहसा चिकटत नाही.

स्टडला ग्रीस लावायचं का? बहुतेक कंपन्या आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवायला सांगतात. ग्रीस लागलं की घर्षण कमी होतं आणि टॉर्क रेंचवर १०० दिसत असतानाही स्टड त्याहून जास्त ताणला जातो. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलं नसेल तर आट्यांना आणि नटाच्या तिरक्या बैठकीला ग्रीस नाही. जाम नट काढताना मारलेलं तेलही बसवण्याआधी पुसून घ्या. नट पहिले तीन-चार फेरे हातानंच फिरवायचे, हातानं जात नसेल तर काहीतरी चुकतंय. मग समोरासमोरचे नट घेत दोन टप्प्यांत आवळायचं.

भांडवल म्हणाल तर या आख्ख्या कामाला लागणारी हत्यारं म्हणजे टॉर्क रेंच, लांब दांडा, सहा कोनी गोट्या १७, १९, २१ च्या, नट काढायचा संच, चांगला जॅक, फळी, डोळ्यांना गॉगल. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतात, हातहत्यारांना तेवढ्यात सुरुवात होते. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

राहिलं एक वहीचं काम. प्रत्येक गाडीपुढे तारीख, गाडीचा नंबर, कुठलं चाक, किती टॉर्क आणि मोबाईल नंबर. बसवलेलं चाक ५० ते १०० किलोमीटर चाललं की नट पुन्हा तपासावे लागतात, कारण मधला रंग, गंज, धूळ दबून बैठक किंचित सैल होते. वेल्ह्याहून पुण्यात घरी पोचेपर्यंत जवळजवळ तेवढं अंतर होतंच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की आधी वही उघडायची आणि कालच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲप करायचा: "काका, काल आपल्या गाडीचं मागचं डावं चाक बसवलं होतं. नट १०० न्यूटन मीटरला आहेत. आज जवळच्या दुकानात एकदा तपासून घ्या, गन मारू देऊ नका."